वाक्य तुटते तेथे : काफ्काच्या ‘गढी’चे वाचन

‘सर, शेवटचे पान फाटले आहे का?’

वसतिगृहाच्या अभ्यासिकेत दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला हा प्रश्न आमच्या मनातून आजही जात नाही. शनिवारी रात्रीच्या वाचनतासाला आम्ही फ्रांझ काफ्का या लेखकाची ‘द कॅसल’ ही कादंबरी मुलांना हप्त्याहप्त्याने सांगत होतो. शेवटचा हप्ता झाला, पुस्तक मिटले आणि वर्ग वाट पाहत राहिला. पान फाटलेले नव्हते. कादंबरीच वाक्याच्या मध्यावर थांबली होती.

त्याच सुमारास पालकसभेत एका पालकांनी दुसरा प्रश्न विचारला. ‘आमच्या घरांतून काळोख पुरेसा आहे. मुलांना उभारी देणारी पुस्तके सोडून हे निराशेचे वाचन कशासाठी?’ प्रश्न रास्त होता. आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर आम्हांलाच तोकडे वाटले. या स्मरणिकेत शाळेची वाटचाल इतर लेखांतून येईलच; प्रस्तुत लेखात आम्ही या दोन प्रश्नांचा अभ्यास मांडू इच्छितो. काळ्या विनोदाची, उदास कादंबरी का वाचावी? आणि तिचा शेवट संदिग्ध असेल, तर त्याचे काय करावे?

लेखक आणि त्याचे कार्यालय

काफ्काचा जन्म १८८३ मध्ये प्राग शहरी, जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. १९०६ मध्ये त्याने कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि १९०८ पासून १९२२ पर्यंत कामगारांच्या अपघातविम्याच्या संस्थेत नोकरी केली. यंत्रात बोटे गमावलेला कामगार आणि त्याच्या भरपाईचा कागद, या दोहोंमधील अंतर तो रोज पाहत होता. ‘द कॅसल’चे लेखन त्याने १९२२ च्या प्रारंभी हाती घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, हे काम आता कायमचे सोडावे लागणार, असे मित्र माक्स ब्रोड याला कळवले. ३ जून १९२४ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा मृत्यू झाला. आपली हस्तलिखिते जाळून टाकावीत, अशी त्याची इच्छा होती. ब्रोडने ती मानली नाही आणि १९२६ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध केली.

मूळ जर्मन नाव ‘दास श्लॉस’. मुलांना सांगताना आम्ही ‘गढी’ म्हणतो. कारण कादंबरीतील ती वास्तू बुरुजांचा भव्य किल्ला नाही, टेकडीवर दाटीवाटीने बसलेल्या बुटक्या इमारतींचा पुंजका आहे. खाली गाव आहे आणि गावातील प्रत्येक श्वासावर तिची हुकमत आहे.

हसू कोठून येते

के. नावाचा एक परका हिवाळ्याच्या रात्री या गावात येतो. गढीच्या परवानगीवाचून येथे रात्र काढता येत नाही, असे त्याला खाणावळीतच सांगितले जाते. आपण गढीने नेमलेले जमीन मोजणीदार आहोत, असे तो म्हणतो. दूरध्वनीवरून विचारणा होते. गढी म्हणते, असा कोणी मोजणीदार नाही. लगेच पुन्हा घंटी वाजते आणि गढी म्हणते, आहे. के. खरोखर नेमलेला आहे की तो थाप मारतो आहे आणि गढी ती थाप मान्य करते आहे, हे पुढे कोठेही निश्चित होत नाही. म्हणजे संदिग्धता शेवटी अकस्मात येत नाही. ती पहिल्या रात्रीच दारात उभी आहे.

पुढे के. गावप्रमुखाकडे जातो. गावप्रमुख आजारी, अंथरुणावर आहे. तो सांगतो की पुष्कळ वर्षांपूर्वी मोजणीदार नेमण्याविषयी गढीकडून फर्मान आले होते. आम्ही नको म्हणून कळवले. ते उत्तर चुकून दुसऱ्याच खात्यात गेले, तेही रिकामे आवरण, आत कागदच नाही. तेव्हापासून पत्रव्यवहार चालू आहे. तो मूळ कागद शोधण्यासाठी कपाट उघडले जाते आणि दप्तरांचे ढीग जमिनीवर पसरतात. कागद सापडत नाही. शेवटी कपाट आडवे पाडून सारी दप्तरे आत कोंबली जातात आणि दार लागावे म्हणून के.चे दोन मदतनीस त्यावर चढून बसतात.

या ठिकाणी अभ्यासिका खळखळून हसली होती. तो हशा ओसरल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आमच्या अण्णांच्या दाखल्याचं असंच झालं होतं.’ मग कोणी हसले नाही.

काळा विनोद तो हाच. हसू आधी येते आणि ओळख मागाहून. आमचे काही माजी विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या किंवा जात पडताळणीच्या कागदांसाठी खेपा घालून दमले, की दूरध्वनीवर एवढेच सांगतात, ‘सर, आज कपाट आडवं केलं.’ आम्ही दोघेही हसतो. त्या हसण्याने कागद मिळत नाही. परंतु चूक आपल्यात आहे, आपणच कोठेतरी कमी पडलो, ही जी बोच पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्याला आतून खाते, ती गळून पडते. दोष यंत्रणेत आहे हे त्याला दिसते, आणि दिसलेल्या यंत्रणेला प्रश्न विचारता येतो. पालकांच्या प्रश्नाचे आमचे अर्धे उत्तर येथे आहे. निराशेचे चित्र आणि निराशेचा उपदेश या भिन्न गोष्टी आहेत.

शिक्षक या नात्याने आणखी एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. मोजणीचे काम न मिळालेल्या के.ला गावच्या शाळेत शिपायाची जागा मिळते आणि वर्गखोलीतच राहावे लागते. थंडीने कुडकुडत तो लाकडांची कोठी फोडतो. सकाळी मुले आणि शिक्षिका येऊन ठेपतात, तेव्हा त्याचा संसार वर्गात उघडा पडलेला असतो. शिक्षक त्याला बडतर्फ करतात, आणि के. बडतर्फी स्वीकारायलाच नकार देतो. गंमत पुरेशी आहे. परंतु या कादंबरीतील शाळाही गढीच्याच वळणाची आहे, तेथील शिक्षकही खालच्या माणसाशी गढीच्याच भाषेत बोलतो, हे वाचताना आम्ही ओशाळलो, हे नमूद केले पाहिजे.

अमालियाचे घर

कादंबरीचा गाभा आमच्या मते के.च्या कथेत नसून अमालिया नावाच्या तरुणीच्या कथेत आहे. अग्निशामक दलाच्या उत्सवात गढीचा एक अधिकारी तिला पाहतो आणि दुसऱ्या दिवशी अत्यंत हीन शब्दांत तिला आपल्याकडे बोलावणारी चिठ्ठी पाठवतो. अमालिया ती चिठ्ठी फाडते आणि तुकडे आणणाऱ्याच्या तोंडावर फेकते.

त्यानंतर गढी काहीच करत नाही. हुकूम नाही, खटला नाही, दंड नाही. तरी गावकरी एकेक करून येतात आणि दुरुस्तीला टाकलेले जोडे परत नेतात. वडील नावाजलेले जोडे शिवणारे कारागीर. त्यांचा धंदा बसतो. अग्निशामक दलातून त्यांना काढले जाते. कोणी त्या घरी जात नाही, कोणी त्या घराचे नाव घेत नाही. वडील माफी मागायला अधिकाऱ्यांकडे जातात, तर अधिकारी विचारतात, माफी कशाची? तुमच्याविरुद्ध तक्रारच नाही. जो अपराध नोंदलेलाच नाही, त्याची क्षमा कशी मिळणार? म्हातारा अधिकाऱ्यांच्या गाड्यांची वाट पाहत रस्त्याच्या कडेला थंडीवाऱ्यात बसून राहतो आणि अखेरीस संधिवाताने लुळा होतो.

‘पण सर, हुकूम कोणी दिला होता?’ वर्गाने विचारले. कोणीच नाही. हेच त्या प्रकरणाचे भयानक रहस्य आहे.

या पानाशी आम्ही थांबतो, याचे कारण वाचकांना सांगावयास नको. ‘बहिष्कृत’ हा शब्द ज्यांच्या चळवळीच्या पहिल्या संस्थेच्या नावात आहे, त्यांना हुकमावाचून चालणारा बहिष्कार परका नाही. बाबासाहेबांनी आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी पहिल्या गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांसाठी संरक्षणांची जी योजना ठेवली, तीत सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरावा, अशी मागणी होती. बहिष्काराला कर्ता नसतो, कागद नसतो, म्हणूनच त्याला कायद्याच्या भाषेत पकडणे आवश्यक आहे, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ चा.

मात्र येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःला आवरले पाहिजे. काफ्काने जातिव्यवस्थेवर लिहिलेले नाही. अमालियाचे वडील जोडे शिवत, म्हणून ते त्या गावात हीन मानले जात नव्हते; उलट त्या चिठ्ठीपर्यंत त्यांना मान होता. शिवाय हा सारा वृत्तांत अमालियाची बहीण ओल्गा सांगते, आणि ती असेही सुचवते की आम्ही घरात खचून बसलो नसतो, प्रकरण संपले असे दाखवून पूर्ववत वागलो असतो, तर लोक परत आले असते. हे खरे, की पिचलेल्या माणसाने स्वतःलाच दिलेला दोष? कादंबरी सांगत नाही. आपल्या अनुभवाने पान उजळते. त्याच अनुभवाने पानावर नसलेली अक्षरेही दिसू लागतात. दोन्हींचे भान ठेवणे म्हणजे वाचन.

शेवट किती आणि कोणते?

आता शेवटाकडे येऊ. इतिहासाच्या अभ्यासात आम्ही मुलांना प्रथम एकच सवय लावतो : पुरावा कोणत्या प्रतीचा आहे ते विचारा. कागद स्वतः काय म्हणतो, साक्षीदार काय म्हणतो आणि आपण काय म्हणतो, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘गढी’च्या शेवटाला हीच कसोटी लावून पाहू.

पहिला पुरावा साक्षीदाराचा. ब्रोडने लिहून ठेवले आहे की काफ्काने त्याला नियोजित शेवट सांगितला होता. के. झगडा सोडत नाही, पण थकून मरतो. मृत्युशय्येभोवती गाव जमते आणि तेवढ्यात गढीकडून निरोप येतो : या माणसाला गावात राहण्याचा हक्क नाही, तथापि काही परिस्थितींचा विचार करून त्याला येथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा देण्यात येत आहे. ब्रोड हा जवळचा मित्र, म्हणून साक्ष महत्त्वाची. परंतु ती ऐकीव आहे. ज्याने १९२६ च्या पहिल्या आवृत्तीत हस्तलिखिताच्या अखेरचा बराच भाग गाळला, त्याच संपादकाची ती आहे, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा पुरावा कागदाचा. माल्कम पॅस्ली यांनी हस्तलिखितावरून सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९८२ मध्ये निघाली. तीत ब्रोडने सांगितलेला मृत्यू नाही आणि तो निरोपही नाही. तेथे के. एका गाडीवानाच्या झोपडीत शिरतो. चुलीचा मंद उजेड आहे, मेणबत्तीचे एक थोटूक जळते आहे आणि त्या प्रकाशात तिरप्या वाशांखाली वाकून एक म्हातारी पुस्तक वाचते आहे. ती गाडीवानाची आई. ती कापरा हात पुढे करते, के.ला शेजारी बसवते आणि कष्टाने बोलू लागते. तिचे बोलणे समजणे अवघड आहे. ती काय म्हणाली हे येणार, एवढ्यात वाक्य तुटते.

येथे एक सावधगिरी. लेखकाने हेतुपुरस्सर खुला ठेवलेला शेवट आणि राहून गेलेला शेवट एक नव्हेत. काफ्काने लेखन सोडले. म्हातारीच्या तोंडाशी थांबणे ही त्याची योजना होती, असा पुरावा नाही. म्हणून ‘काफ्काला असे म्हणावयाचे आहे’ हे विधान आम्ही करणार नाही. आम्ही एवढेच विचारू, की हे दोन शेवट शेजारी ठेवले असता आपल्याला काय दिसते?

मुभा आणि हक्क

ब्रोडच्या शेवटाला काही वाचक करुणेचा शेवट मानतात. अखेर कृपा झाली, असे म्हणतात. आमच्या वाचकाची नजर मात्र ‘हक्क नाही, मुभा आहे’ या भेदावर अडकल्याशिवाय राहणार नाही. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांच्या प्रस्तावावरून मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेनेही पुढे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी बंदच राहिले. बाबासाहेब गढीच्या निरोपाची वाट पाहत बसले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह ते तळ्यावर गेले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ मध्ये आला. मुभा देणारा ती काढूनही घेतो, हा महाडचा धडा आहे.

आणि के.? त्याला एकदा दार उघडे मिळते. रात्री चुकून तो ब्यूर्गेल नावाच्या एका सचिवाच्या खोलीत शिरतो. सचिव पलंगावरूनच त्याला समजावतो, की एखाद्या अर्जदाराने अधिकाऱ्याला अशा अवेळी, बेसावध गाठले, तर तो जे मागेल ते नाकारणे अधिकाऱ्याला अशक्य होते. फक्त मागावयाचे असते. के. त्या वेळी पलंगाच्या कडेला बसून गाढ झोपलेला असतो. ब्यूर्गेल खरे बोलत होता की थट्टा करत होता, हेही कळत नाही. हा प्रसंग आधी हसवतो आणि मग बराच वेळ छळतो. के. आळशी नाही, परवानगीच्या मागे धावून तो इतका थकला आहे, की मागण्याची वेळ आली तेव्हा त्याच्यात जागे राहण्याचेही त्राण नाही. शिवाय तो एकटा आहे. गावात त्याने जी नाती जोडली, तीही बव्हंशी गढीकडे जाण्याच्या पायऱ्या म्हणून. के. आमचा नायक नव्हे. तो आमच्यासाठी एक इशारा आहे.

बाण आणि धनुर्धर

संदिग्ध शेवट म्हणजे लेखकाची पळवाट, असे काही जण मानतात. या संदर्भात मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्ताचे स्मरण होते. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा दहा प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून आपण साधना करणार नाही, असे मालुंक्यपुत्त म्हणतो. तथागत त्याला बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, त्याचे नाव काय, तो उंच की ठेंगणा, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही, असे तो जखमी माणूस म्हणेल, तर उत्तरे मिळण्यापूर्वीच मरेल. तथागतांनी ते दहा प्रश्न अनुत्तरित ठेवले. दुःख, दुःखाचे कारण आणि त्याचा निरोध यांविषयी मात्र संदिग्धता ठेवली नाही.

हाच विवेक कादंबरी वाचताना वापरावा. गढीत कोण राहतो, तेथील अधिकारी खरा कसा दिसतो, के. अखेर तेथे पोहोचला का, हे धनुर्धराविषयीचे प्रश्न होत. ते सुटले नाहीत तरी वाचन अडत नाही. अमालियाच्या घराला लागलेला बाण मात्र पानोपान स्पष्ट आहे. शेवट अंधूक आहे म्हणून अन्यायही अंधूक आहे, असे समजणारा वाचक फसतो.

आजीचे वाक्य

कादंबरी संपल्यावर आम्ही वर्गाला एक काम दिले : म्हातारीचे तुटलेले वाक्य पूर्ण करा. बहुतेक मुलांनी गढीकडे जाणाऱ्या गुप्त वाटेचा पत्ता तिच्या तोंडी घातला. काहींनी तिला गढीची जुनी चाकर केले, एकाने तर गढीची खरी मालकीण. सारे शेवट रंजक होते आणि सारे पुन्हा गढीकडेच जात होते. एका मुलीच्या वहीत मात्र चारच शब्द होते :

‘तू जेवलास का, बाळा?’

तिला बरोबरचे गुण द्यावेत की नाही, असा प्रश्नच नव्हता; या कामाला गुण नव्हते. तिचे उत्तर काफ्काचे आहे, असेही आम्ही म्हणत नाही. पण साऱ्या कादंबरीत के. ज्या गढीकडून ओळख मागत राहिला, तिने त्याला कधी विचारले नाही ते विचारणारे कोणीतरी त्या झोपडीत असू शकते, हे त्या मुलीने पाहिले. वाक्य पूर्ण छापलेले असते, तर तिला ते पाहण्याची गरजच पडली नसती.

पालकांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे आहे. उभारी देणारी पुस्तके मुलांनी अवश्य वाचावीत. आमच्या ग्रंथालयात ती पुष्कळ आहेत. पण तयार तात्पर्य शेवटी देणारी पुस्तकेच वाचली, तर शेवट नेहमी दुसराच कोणी लिहितो, अशी सवय जडते. आमच्या मुलांना ती सवय परवडणारी नाही.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी असे एखादे पुस्तक घरी एकत्र वाचावे आणि शेवटी तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत, अशी आमची विनंती आहे. पानावर नेमके काय लिहिले आहे? त्यात आपण स्वतःचे काय घातले? आणि या गोष्टीत ज्याचे बोलणे ऐकायचे राहून गेले, असे कोण आहे? तिसऱ्या प्रश्नापाशी घाई करू नये. म्हातारीचे बोलणे समजणे अवघड आहे, एवढे तर काफ्कानेच लिहून ठेवले आहे.